टाकी बांधायला पैसे मिळाले, चालवायला कोण आलं?

आज आम्ही बोलणार आहोत अनुदानाच्या इतिहासाबद्दल. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया डोळ्यांसमोर येतात. पण आपल्या गोठ्याच्या मागेही एक इतिहास पडलेला असतो. जरा आठवून बघा. तुमच्या गावात कुठे ना कुठे गोबरगॅसची एक टाकी असेलच. काही टाक्या चालू आहेत, त्यांच्यावर रोजचा चहा होतो, भात शिजतो. काही मात्र बंद पडल्यात. कुणी त्यात कडबा भरून ठेवलाय, कुणी माती टाकून बुजवलंय. शेजारच्या भिंतीवर योजनेचं नाव अजून पुसट दिसतं.

ती टाकी बांधायला सरकारनं पैसे दिले होते. मग ती बंद का पडली? आणि शेजारच्या गल्लीतली चालू कशी राहिली? हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल. आजही आपल्या गटांपुढे सौर पॅनलचे, बायोगॅसचे, शेगड्यांचे अर्ज येतात. सही करण्याआधी आपल्या आधीच्या बायकांचं काय झालं, हे माहीत असलेलं बरं.

सुरुवात मुंबईत झाली. 19 व्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रम होता. तिथे मैल्यापासून तयार होणारा वायू जाळून वापरण्याचा प्रयोग झाला. पुढे 1930 च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणापासून गॅस काढण्याचे प्रयोग झाले. 1951 च्या सुमारास जशभाई पटेल यांनी घरगुती वापराची टाकी तयार केली. खाली विटांची विहीर आणि तिच्यावर तरंगणारी लोखंडी टोपी. गॅस भरला की टोपी वर येते, वापरला की खाली बसते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हीच टाकी गावोगाव न्यायला घेतली. आयोगाचं मुख्य कार्यालय मुंबईतच, आणि बोरिवलीच्या कोरा केंद्रात गोबरगॅसचं काम चालायचं.

आता दुसरा धागा. तो आहे चुलीचा. वर्ध्याला मगनवाडीत 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीजींच्या प्रेरणेनं, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली. घाणीचं तेल, हातकागद, मधमाश्या, असं सगळं काम तिथे चालायचं. त्याच मगनवाडीतून 1947 च्या सुमारास ‘मगन चूल’ आली. मातीचीच चूल, पण तिला धुराडं. धूर घरात न कोंडता छपराबाहेर जावा एवढीच त्यातली कल्पना. 1950 च्या दशकात हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनीही बिनधुराची चूल तयार केली आणि त्यावर पुस्तिका लिहिली. म्हणजे आपल्या डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या धुराचा विचार स्वातंत्र्याच्या काळातच सुरू झाला होता. पण त्यासाठी मोठा पैसा मात्र कुणी काढला नाही.

पैसा निघाला तो तेलामुळे. 1973 साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि जगभर भाव भडकले. रॉकेल महागलं, खत महागलं, डिझेल महागलं. तेव्हा दिल्लीत लक्षात आलं की देशातला बहुतेक स्वयंपाक लाकूड, काटक्या आणि शेणाच्या गोवऱ्यांवर होतो आणि जंगलं उतरणीला लागली आहेत. मग 1981-82 मध्ये राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. 1982 मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी केंद्रात वेगळा विभाग झाला. पुढे 1983 पासून सुधारित चुलींचं काम हाती घेऊन त्याचा देशभरचा कार्यक्रम झाला. आपल्या चुलीसाठी सरकारी तिजोरीत वेगळा रकाना पडला, तो असा.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातच्या खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर त्यांनी हवा मोजणारी छोटी यंत्रं लावली. मोठ्या शहराच्या रस्त्यावरही नसेल एवढा धूर बाई चुलीपुढे बसून छातीत भरून घेते, हे त्या मोजणीतून पुढे आलं. आपल्या आज्यांना हे माहीतच होतं. पण मोजलं गेलं तेव्हा ते कागदावर आलं, आणि कागदावर आलं की मगच त्यावर पैसा मंजूर होतो. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

आता बघू, हा पैसा कसा वाटला गेला.

गोबरगॅसला टाकीमागे ठरलेली रक्कम मिळायची. अनुसूचित जाती-जमातींना जास्त, डोंगराळ भागाला जास्त, संडास जोडला तर आणखी थोडी. आपल्याकडे हे काम जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत आणि पंचायत समितीतून चालायचं. महाराष्ट्रानं या कामात चांगलीच आघाडी घेतली. देशभरात आजवर घरगुती बायोगॅसच्या सुमारे 50 लाख टाक्या बांधल्या गेल्या, आणि त्यांत सर्वांत जास्त आपल्या राज्यात आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे.

टाकीतही सुधारणा झाली. लोखंडी टोपी महाग, शिवाय गंजायची. दरवर्षी रंग लावला नाही तर भोकं पडायची. म्हणून विटा-सिमेंटचा घुमट असलेल्या, जमिनीखालच्या टाक्या आल्या. 1984 मध्ये ‘दीनबंधू’ नावाची टाकी आली. ती स्वस्त होती आणि गंजायचा प्रश्न नव्हता. मात्र ती बांधायला हात कसलेला लागतो. घुमटाला केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निघून जातो. म्हणून गवंड्यांची प्रशिक्षणं झाली. जिथे असा शिकलेला गवंडी गावात किंवा शेजारच्या गावात राहिला, तिथल्या टाक्या टिकल्या. जिथे तो बाहेरून आला, टाकी बांधून गेला आणि परत दिसला नाही, तिथे पहिली चीर पडली तेव्हाच टाकी संपली.

टाकीचं गणितही बघा. दोन घनमीटरची टाकी म्हणजे एका मध्यम कुटुंबाचा स्वयंपाक. तिला रोज साधारण 50 किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. आणि जवळजवळ तेवढंच पाणी. म्हणजे रोज तीन-चार हंडे. ते शेण उचलणार कोण, कालवणार कोण, पाणी आणणार कोण? बाई. टाकीतून निघणारी मळी शेताला जाते. खत उत्तम असतं, पीक चांगलं येतं, पण पिकाचा पैसा कुणाच्या हातात येतो? आणि अनुदानाचा अर्ज कुणाच्या नावावर होता? सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या. ज्या बाईला जमीन नाही, जनावर नाही, तिच्यापर्यंत ही योजना पोचलीच नाही. आणि दुष्काळी भागात, जिथे प्यायलाच पाणी टँकरनं येतं, तिथे टाकीला पाणी कुठून घालायचं? उन्हाळ्यात जनावरं छावणीत गेली की शेणही गेलं. टाकी एकदा वाळली की पुन्हा सुरू करायला गाडीभर शेण लागतं. कितीतरी टाक्या अशाच थांबल्या आणि मग थांबूनच राहिल्या. त्यात बायकांचा आळस नव्हता. मंजुरी देताना पाणी कुठून येणार, हे विचारलं गेलं नव्हतं.

उलट उदाहरणही सांगतो. देहूला डॉ. सु. वि. मापुसकर हे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले आणि तिथलेच झाले. गावात लोक उघड्यावर जात, रोगराई होई. डॉक्टरांनी संडास बांधायला सुरुवात केली. कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या कामापासून त्यांनी धडा घेतला होता. पुढे संडास जोडलेली ‘मलप्रभा’ नावाची बायोगॅस टाकी त्यांनी तयार केली. त्यांचं बळ पैशापेक्षा सोबतीत होतं. टाकीत बिघाड झाला तर तो समजून घेणारा माणूस त्याच गावात राहत होता. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता चुलीच्या कार्यक्रमाकडे येऊ. सुधारित चुलीच्या किमतीचा मोठा भाग सरकार द्यायचं. 2002 पर्यंत, म्हणजे कार्यक्रम केंद्रानं बंद करेपर्यंत, देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. आकडा प्रचंड आहे. पण त्यातल्या पुष्कळ चुली एक-दोन वर्षांत मोडल्या किंवा मोडून टाकल्या गेल्या. कारण? जिल्ह्याला उद्दिष्ट असायचं, इतक्या चुली मार्चपर्यंत. बसवली की मोजली. ती जळते का, हे मोजायची घाई कुणाला नव्हती. धुराडं साफ कुणी करायचं, हे सांगितलेलं नसायचं. चुलीचं तोंड लहान, मोठं लाकूड जाईना, मग बाईनं पहारीनं तोंड मोठं करून घेतलं. आपल्याकडे भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढे उभी करून फुगवतात. त्याला जागा नसेल तर ती चूल आपली कशी होणार? चूल आखणाऱ्यांत भाकरी करणारे हात किती होते, हा खरा प्रश्न.

त्याच वर्षांत चीननं दुसरा रस्ता घेतला. तिथे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत 10 कोटींहून जास्त सुधारित चुली बसल्या. पण चुलीची बहुतेक किंमत घरच्यांनी स्वतः दिली. सरकारचा पैसा प्रामुख्यानं कारागिरांना शिकवण्यात, चुलीचे सुटे भाग करणाऱ्यांना उभं करण्यात आणि देखरेखीत गेला. स्वतःचे पैसे घातले म्हणून माणसानं चूल पारखून घेतली, आणि कारागीर गावातच होता म्हणून ती दुरुस्त झाली. यावरून अनुदान वाईट असं आम्हाला म्हणायचं नाही. गरीब घराला पहिला हात हवाच. पण पैसा वस्तूवर घातला तर एक वस्तू मिळते. तोच पैसा शिकलेल्या हातांवर घातला तर वस्तू मोडली तरी पुन्हा उभी राहते.

आपल्या महाराष्ट्रातलं असंच एक काम म्हणजे पुण्याची ‘आरती’. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये उभी केलेली ही संस्था. ऊस तोडल्यावर शेतात पाचट उरतं. शेतकरी ते पेटवून देतात, सगळा शिवार धुरानं भरतो. या संस्थेनं त्या पाचटाचा भट्टीत कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याचं तंत्र बसवलं. लंडनला ‘अ‍ॅश्डेन’ नावाचा स्वच्छ ऊर्जेचा पुरस्कार 2001 पासून दिला जातो. तो या कामाला 2002 मध्ये मिळाला. 2006 मध्ये त्याच संस्थेला तो पुन्हा मिळाला, तो खरकट्यावर आणि पिठूळ टाकाऊ पदार्थांवर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस टाकीसाठी. ज्या घरी जनावर नाही, त्या घरीही गॅस होऊ शकतो, हे त्यातून दिसलं. इथे पैसा आधी आश्वासनाला मिळाला नाही. काम करून दाखवल्यावर पुरस्कार आला.

आणि एक गोष्ट जपून सांगण्यासारखी. 2006 च्या सुमारास एका मोठ्या तेल कंपनीनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर ‘ऊर्जा’ नावाची शेगडी आणली. आत छोटा पंखा, इंधन म्हणून उसाच्या चिपाडाच्या आणि भुईमुगाच्या टरफलांच्या दाबलेल्या गोळ्या. धूर जवळजवळ नाही. मराठवाड्यातही बचतगटांच्या बायका ती दारोदार विकत. देशात चार लाखांच्या आसपास शेगड्या गेल्या. नंतर चिपाडाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, गोळ्यांचा भाव चढला आणि कंपनीही बाजूला झाली. शेगडी चांगलीच होती, पण तिचं इंधन आपल्या रानात मिळत नव्हतं, दुकानातून आणावं लागत होतं. घरोघरी शेगडी विकणाऱ्या बाईला मात्र त्याच गल्लीतून रोज जावं लागतं. कंपनी निघून जाते, बाईचा शब्द तिथेच राहतो.

2016 च्या 1 मे रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. तिच्यात एक मोठी गोष्ट झाली. गॅसची जोडणी घरातल्या बाईच्याच नावावर. जोडणीमागे 1600 रुपयांची मदत. आठ कोटींचा टप्पा पूर्ण झाला तो आपल्याकडेच. 7 सप्टेंबर 2019 रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बचतगटांच्या मेळाव्यात. तुमच्यापैकी काहीजणी तिथे असतीलही. पण इथेही जुनाच प्रश्न उरला. पहिली टाकी मिळाली, दुसरी कुठून भरायची? म्हणून अनेक घरांत शेगडी पाहुण्यांच्या चहाला आणि चूल रोजच्या भाकरीला, असं चालतं.

आता फेलोशिपबद्दल. अनुदान टाकीला मिळतं, फेलोशिप माणसाला. एखाद्याला काही काळ पोटापाण्याची चिंता न करता एकच काम मनापासून करता यावं, म्हणून तो पैसा असतो. मुंबईच्या ग्लोरिया डिसूझा यांचं उदाहरण घ्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलांनी पाठांतर करण्यापेक्षा आजूबाजूचं झाड, नाला, बाजार बघून शिकावं, असा त्यांचा ध्यास. नोकरी सांभाळून ते सगळ्या शाळांत नेणं कसं जमणार? 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अशोका’ या संस्थेनं त्यांना फेलोशिप दिली. ही संस्था जगभर फेलोशिप देते, आणि तिच्या अगदी पहिल्या फेलोंमध्ये या मुंबईच्या बाई होत्या. त्यामुळे त्यांना पूर्ण वेळ काम करता आलं. ‘परिसर आशा’ ही त्यांची संस्था उभी राहिली आणि मुंबई महापालिकेच्या शाळांपर्यंत त्यांची पद्धत पोचली. त्या पैशानं एका बाईचा वेळ मोकळा केला. आपल्याकडे बाईच्या वेळेची किंमत कोण धरतं सांगा?

राजस्थानात तिलोनियाला तर आज्यांना सौर दिवे जोडायला शिकवतात. 2008 पासून परदेशातल्या खेड्यांतल्या बायकांच्या प्रवासाचा आणि शिक्षणाचा खर्च भारत सरकार करतं. सहा महिने त्या राहतात. भाषा वेगळ्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नाही. रंग आणि खुणांवरून तारा ओळखतात, आणि परत जाऊन आपलं गाव उजळतात. राजस्थानातल्याच डुंगरपूरला आयआयटी मुंबईच्या मदतीनं आदिवासी बचतगटांच्या बायकांनी आधी सौर दिवे जोडले. आयआयटीच्या याच कार्यक्रमात महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शाळकरी मुलांना 120 रुपयांत अभ्यासाचा दिवा मिळाला, बाकीचा भार निधी देणाऱ्यांनी उचलला. दिव्यांचं काम संपल्यावर डुंगरपूरच्या बायका घरी बसल्या नाहीत. त्यांनी ‘दुर्गा’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि सौर पॅनल बनवायला घेतले. पैसा आला तेव्हा त्या दिवा घेणाऱ्या नव्हत्या, दिवा बनवणाऱ्या होत्या. म्हणून पैसा थांबल्यावरही हात चालत राहिले.

मैत्रिणींनो, हा सगळा इतिहास आम्ही आज सांगतोय, कारण आता अर्ज आपल्या दारात आहेत. छपरावरच्या सौर विजेसाठी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा त्याहून जास्त असलं तर 78 हजार रुपये अनुदान. पण हे पैसे यंत्रणा बसल्यावर खात्यात येतात. म्हणजे आधी पैसे आपले किंवा बँकेचे. आणि वीजमीटर कुणाच्या नावावर आहे? छप्पर पक्कं आहे का, कुणाचं आहे? सातबाराचा जुना प्रश्नच इथे नवं रूप घेऊन आलाय.

म्हणून आमची विनंती आहे. पुढच्या मासिक बैठकीत अर्जावर सही करण्याआधी गटात बसून मोकळेपणानं बोला. अनुदान कुणाच्या नावावर येणार? ते आधी येणार की नंतर, आणि मधले दिवस गटाच्या बचतीतून निघतील का? रोजचं काम किती वाढणार आणि ते कोण करणार? तीन वर्षांनी बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस किती कोसांवर आहे? आणि आपल्यातलीच एखादी हे काम शिकायला तयार असेल, तर तिच्या शिकण्याचा खर्च त्याच अर्जात घालता येईल का? हे विचारायला लाजू नका. प्रश्न विचारला म्हणून मंजुरी जात नाही. आणि जी मंजुरी असल्या प्रश्नानं जाते, ती गेलेली बरी.

शेवटी एक काम. तुमच्या गावातली ती बंद टाकी उद्या जाऊन बघा. आत कडबा आहे की माती? घुमटाला चीर आहे का? जिच्या घरची टाकी आहे, तिला विचारा, ती का थांबली. ती जे सांगेल ते वहीत लिहून घ्या. धूर जसा मोजला गेला तेव्हाच कागदावर आला, तसंच हेही आहे. दहा गावांतल्या दहा टाक्यांची ही नोंद झाली की ती घेऊन आपल्याला पंचायत समितीत जाता येईल, आणि नव्या टाकीआधी जुनीच्या दुरुस्तीचे पैसे मागता येतील. बांधण्याचं श्रेय घ्यायला पुष्कळ लोक येऊन गेले. चालवण्याचा हिशेब मात्र आपल्याकडेच आहे, तो आता आपणच मांडू.

तुमच्या वह्यांची वाट बघतो.